सिव्हिलच्या प्रयोगशाळा: दुसऱ्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही वर्गात, काही जिन्यात, काही पालकांच्या फोनवर. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवते, आणि आठवड्यातला निम्मा वेळ माझा प्रयोगशाळेतच जातो. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. यंत्रं आणि वेळापत्रक कॉलेजप्रमाणे थोडं बदलेल, पण महाराष्ट्रात कुठंही शिकत असाल तरी यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल.

एकूण लॅब किती असतात? कोणत्या वर्षी कोणती?

साधारण आठ. सुरुवातीला सर्वे, जिऑलॉजी आणि मटेरियल टेस्टिंग. मग काँक्रीट, फ्लुइड मेकॅनिक्स, माती. पुढं रस्ते आणि पर्यावरण. विद्यापीठागणिक क्रम मागंपुढं होतो. वीसेक जणांची बॅच, तिच्यात चार-पाच जणांचे गट, आठवड्याला प्रत्येक विषयाचं दोन तासांचं प्रॅक्टिकल.

व्हर्च्युअल लॅबवर बटण दाबलं की ग्राफ मिळतो. मग हात मळवायचे कशाला?

व्हर्च्युअल लॅब मी स्वतः वापरायला सांगते. केंद्र सरकारचा तो उपक्रम चांगला आहे, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याचा मोठा आधार झाला. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तिथं प्रयोग पाहून आलात तर क्रम डोक्यात बसलेला असतो.

पण मातीची प्लास्टिक लिमिट घ्या, म्हणजे माती न तुटता वळता येण्यासाठी लागणारं कमीत कमी पाणी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती पाण्यात मळायची आणि काचेवर तळहाताखाली तिची दोरी वळायची. दोरी बरोबर ३ मिमी जाड झाली की तिला तडे जायला हवेत. त्याआधीच तुटली तर पाणी कमी. त्याहून बारीक होऊनही अखंड राहिली तर पाणी जास्त. मग पुन्हा गोळा करायचा, पुन्हा मळायचा, पुन्हा वळायची. जाडी ताडून बघायला शेजारी ३ मिमीची तार ठेवलेली असते. पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे त्या तारेवर असतात. सातव्या-आठव्या दोरीपर्यंत तारेकडे बघणं आपोआप कमी होतं, कारण माती आता सुटणार हे तळव्यालाच कळायला लागतं. भरावाची माती मुठीत दाबून 'पाणी जास्त झालंय, रोलर थांबवा' असं सांगणारे साइट इंजिनिअर असतात ना, त्यांचा हात असाच तयार झालेला असतो. हे कळणं मला तुम्हाला दुसऱ्या कुठल्याच मार्गानं देता येत नाही.

क्यूबच्या प्रॅक्टिकलला महिना का लागतो?

क्यूब म्हणजे ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा. महिना लागतो, कारण काँक्रीटला लागतो. पण त्या महिन्यात तुमच्या वाट्याला काय काय येतं ते सविस्तर सांगते, सिव्हिलच्या मुलांना सगळ्यात जास्त आठवणारं प्रॅक्टिकल हेच आहे.

आधी साचा. १५० मिमीचा घन, ओतीव लोखंडाचा. आतून तेलाचा पातळ हात फिरवायचा, बोल्ट घट्ट आवळायचे. बोल्ट सैल राहिला तर सांध्यातून सिमेंटचं पाणी झिरपतं आणि क्यूबच्या कडेला खडी उघडी पडते, ज्याला साइटवर हनीकोंब म्हणतात. मग काँक्रीट मिसळायचं आणि साच्यात भरण्याआधी त्याचा स्लंप घ्यायचा. ३०० मिमी उंचीचा शंकू भरून सरळ वर उचलायचा, काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. शंकू उचलताना हात जरा तिरका गेला की ढीग एका बाजूला कलतो आणि रीडिंग वाया जातं. घाई करू नका.

साच्यात काँक्रीट साधारण ५० मिमीच्या थरांनी भरायचं, प्रत्येक थराला १६ मिमीच्या सळईनं ३५ ठोसे. ठोसे मोजा. गप्पा मारत दिलेले पस्तीस ठोसे सत्तावीस भरतात, हे मी अनेकदा मोजलंय. थापीनं वरचा भाग सपाट करायचा, ओल्या गोणपाटाखाली एक दिवस ठेवायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूबवर गट आणि तारीख लिहायची आणि तो पाण्याच्या टाकीत सोडायचा. टाकीचं तापमान २७ अंशांच्या आसपास, दोन अंश इकडंतिकडं.

फोडायच्या दिवशी क्यूब टाकीतून काढून पुसायचा आणि ओला असतानाच यंत्रात ठेवायचा. वाळला तर आकडा फसवा, जास्त येतो. थापी मारलेली बाजू वर नको, ती बाजूला यायला हवी, म्हणजे भार साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजूंवर पडतो. भार वाढवण्याचा वेग ठरलेला आहे: मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी. क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी, म्हणजे मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. आधी बारीक कट्-कट् ऐकू येतं, कोपऱ्यावरून एखादी कपची सुटते, मग काटा थबकतो आणि मागं फिरतो. समजा ६३० किलोन्यूटनला थबकला, तर ताकद २८ न्यूटन प्रति चौरस मिमी. पुढं नुसता आकडा आला की एकक हेच. लगेच यंत्र बंद करून क्यूब बाहेर काढा आणि त्याच्याकडं बघा. नीट फुटलेला क्यूब डमरूसारखा दिसतो. वरची-खालची लोखंडी पाटी घर्षणानं काँक्रीटला धरून ठेवते, मधला भाग मात्र बाहेर सुटायला मोकळा असतो, म्हणून कंबर बारीक होते. एकाच बाजूनं फुटला असेल तर भार तिरका बसला होता. तसं जर्नलमध्ये लिहा.

२८ दिवसच का?

सिमेंटमधले काही घटक पाण्याशी लवकर संयोग पावतात, काही सावकाश. सातव्या दिवसापर्यंत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, २८ व्या दिवसापर्यंत बरीचशी, आणि त्यानंतरही ती हळूहळू वाढत राहते. फ्लाय ॲश मिसळलेलं पीपीसी सिमेंट सुरुवातीला मागं असतं. २८ हा आकडा चार आठवड्यांचा असल्यानं मंगळवारी भरलेला क्यूब मंगळवारीच फोडता येतो, तीही सोय आहेच.

आमच्या गटाचा क्यूब कमी आला. मार्क जातील का?

नाही. या प्रश्नासाठीच खरं तर मी हे पान लिहायला घेतलं.

एका वर्षी चार गटांची जर्नल्स माझ्यासमोर आली. चारही गटांचे आकडे दशांशापर्यंत सारखे होते. काँक्रीट त्यांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी भरलेलं. असं होऊच शकत नाही. आदल्या वर्षीच्या कोणाच्या तरी जर्नलमधून आकडे उतरवले होते, कारण स्वतःचा क्यूब १७ ला फुटला आणि मुलं घाबरली. मी त्यांना पुन्हा बोलावलं, १७ चा क्यूब शोधायला लावला. तो लॅबमागं पडलेला सापडला. आतून बघितलं तर एका कोपऱ्यात पोकळ्या होत्या. थर नीट ठोसलेला नव्हता. १७ हा आकडा अगदी बरोबर होता, त्यानं त्या क्यूबबद्दल खरं तेच सांगितलं होतं.

आता हिशेब. एम-२० प्रतीचं काँक्रीट म्हणजे २८ दिवसांची वैशिष्ट्यपूर्ण ताकद २०, म्हणजे शंभरातले फार तर पाच निकाल त्याच्या खाली गेले तर चालतात. त्यासाठी सरासरी वर ठेवावी लागते. २० अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे २६.६ धरून आपण मिक्स डिझाइन करतो, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी, पाणी यांचं प्रमाण ठरवतो. त्यामुळं क्यूब २२ आला म्हणून टाळ्या वाजवायच्या नसतात, कुठं साडेचार गळाले ते शोधायचं असतं. पाणी जास्त पडलं? वाळू ओली होती आणि तिचं पाणी वजा केलं नाही? तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेला, तर तो संच धरायचाच नाही असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. कमी आकडा आणि त्याचं कारण लिहिणाऱ्याला माझ्याकडं पूर्ण मार्क मिळतात. सुंदर आकडा आणि कोरी निरीक्षणं आणणाऱ्याला मिळत नाहीत.

शिकवायला येण्याआधी मी एका साइटवर होते. तिथं स्लॅबचं काँक्रीट वेगळं आणि क्यूबचं वेगळं असायचं. क्यूबसाठी बाजूला एक घमेलं मिसळलं जायचं, सिमेंट सढळ हातानं घालून. क्यूब दर वेळी पास व्हायचे. त्या स्लॅबखाली आज लोक राहतात. मी तेव्हा नवी होते, बोलले नाही, आणि ते मला आजही टोचतं. तुम्ही एकविसाव्या वर्षी नोकरीला लागाल तेव्हा तुमच्यापुढं असा प्रसंग येईल. खरा आकडा लिहायची सवय त्याआधी लागलेली असावी, एवढ्यासाठी मी जर्नलच्या बाबतीत इतकी कडक आहे.

सळई तोडून काय कळतं? दुकानदार प्रमाणपत्र देतोच की.

प्रमाणपत्र कारखान्यातल्या त्या अख्ख्या घाण्याचं असतं, तुमच्या हातातल्या तुकड्याचं नाही. आधी वजनच करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र प्रत्येक साइटवर चालतं. १६ मिमीच्या सळईचं मीटरला १.५८ किलो यायला हवं. मग यूटीएमवर, म्हणजे सळई ओढून तोडायच्या यंत्रावर, ताण द्यायचा. एफई ५०० प्रतीची १६ मिमी सळई १०० किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे दहा टनांच्या आसपास, लवचीक राहिली पाहिजे. पुढं ती ताणत जाते, एका जागी मान बारीक होते आणि मोठ्या आवाजात तुटते. तुटलेलं टोक लगेच हातात घेऊ नका, ते गरम असतं.

ताकदीइतकंच महत्त्व ताणण्याला आहे. ५००डी प्रतीच्या सळईत ८० मिमी लांबीवर मारलेली खूण तुटल्यावर निदान ९३ मिमीच्या जवळ जायला हवी. भूकंपात इमारत हलते तेव्हा सळई ताणली गेली तर माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरलं, धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. हे आपल्याच राज्यात घडलंय, हे सळईचे दोन तुकडे जुळवून लांबी मोजताना आठवा.

मी विदर्भातला आहे. आमच्याकडं घरांना तडे जातात, ते याच विषयात शिकवतात का?

हो, मातीच्या लॅबमध्ये. आणि तुमच्या शेतातली मूठभर माती घेऊन आलात तर मला आनंदच होईल.

काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. तुमच्या शेतात एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. हे बघायचा प्रयोग इतका साधा आहे की शाळेतही होईल. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात रॉकेल, दुसऱ्यात शुद्ध पाणी, १०० मिलीच्या खुणेपर्यंत. हवा निघेपर्यंत ढवळायचं आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमधली माती फुगत नाही, पाण्यातली फुगते. समजा रॉकेलमध्ये ती ११ मिलीवर बसली आणि पाण्यात २० वर, तर फुगवटा ८२ टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पात्रं शेजारी ठेवली की व्याख्यानाची गरज उरत नाही. मागच्या खेपेला एका मुलानं स्वतःच्या घराच्या पायाजवळची माती आणली होती. पाण्याचं पात्र बघून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, 'मॅडम, मग पाया किती खोल हवा होता?' त्या दिवशी ठरलेलं प्रॅक्टिकल बाजूला राहिलं आणि आम्ही त्याचाच पाया काढला: काळी माती खणून काढणं, खाली मुरूम दाबून भरणं, घराभोवती पाणी साचू न देणारा उतार.

टोटल स्टेशन असताना ऑटो लेव्हल कशाला शिकायची?

टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन आपोआप मोजणारं सर्वेचं यंत्र, चूकही तितक्याच झटपट करतं. लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, शिकताना चूक पकडायची सवय लागते. बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेपासून, निघायचं, कॅम्पसला फेरी मारायची, त्याच बेंचमार्कवर परत यायचं. किलोमीटरभराच्या फेरीत फरक १२ मिमीच्या आत हवा, असा सर्वसाधारण दंडक आहे. दोन सेंटिमीटर आला तर पूर्ण फेरी पुन्हा. उन्हात पुन्हा चालायला कोणाला आवडत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) सरळ धरला जातो. आणि सकाळी लवकर निघा. बाराच्या उन्हात डांबरावरची हवा थरथरते, स्टाफवरचे आकडे नाचायला लागतात.

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये नुसते नळ आणि टाक्या आहेत. त्याचा धरणाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. त्रिकोणी नॉचवरून, म्हणजे प्रवाह मोजायच्या खाचेवरून, जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढतो. ५० मिमी उंची मोजताना १ मिमी चुकलात तर उंचीत चूक २ टक्के, प्रवाहात ५ टक्के. कालव्याच्या तोंडाशी पाणीवाटपाचा हिशेब अशाच मोजणीवर होतो, आणि त्या ५ टक्क्यांवरून शेपटाकडचा शेतकरी कोरडा राहू शकतो.

शक्य झालं तर खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बघून या. ही संस्था १९१६ पासूनची आहे. नद्या, बंदरं, सांडवे यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात खरं पाणी सोडतात. शंभरास एक प्रमाणाच्या प्रतिकृतीत वेग दहास एक होतो, कारण तो लांबीच्या वर्गमूळात बदलतो. फळ्यावर हे कोरडं वाटतं. प्रतिकृतीच्या काठावर उभं राहून पाण्याची उसळी पाहिली की पटतं.

पर्यावरणाच्या लॅबमध्ये बीओडीचं उत्तर त्याच दिवशी का मिळत नाही?

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, आणि जिवाणूंना वेळ लागतो. आपल्याकडं २७ अंशांना तीन दिवस ठेवतात. सोमवारी सुरू करा, गुरुवारी या. गुरुवारी सुरू केलेल्या बाटलीसाठी सोमवारी येऊन उपयोग नाही.

आयएस कोड पाठ करावे लागतात का?

अजिबात नाही. कोणत्या चाचणीला कोणता कोड आणि त्याचं वर्ष, एवढं माहीत असावं. वर्ष महत्त्वाचं, कारण कोड बदलतात. मिक्स डिझाइनचा आयएस १०२६२ १९८२ चा होता, मग २००९, आता २०१९. खडी-वाळूचा आयएस ३८३ १९७० नंतर २०१६ ला बदलला आणि क्रश सँडला (दगड फोडून केलेल्या वाळूला) त्यात नीट जागा मिळाली. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलं की जुनं वर्ष तसंच पुढं सरकत राहतं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर भारतीय मानकं मोफत मिळतात, मूळ कोड उघडून बघा.

शाळा मराठीतून झाली. ओरलला इंग्रजी जमलं नाही तर?

परीक्षक बहुतेक वेळा एकच गोष्ट शोधतात: हे हातानं केलंय की नाही. ते कळायला तुमचं मोडकं इंग्रजी पुरतं, आणि बरेच जण मराठीतही उत्तर ऐकून घेतात. अट एवढीच, की सांगण्यासारखं काही पाहिलेलं असावं.

आणि या विषयात मराठी मुलांकडं मोठा ठेवा आहे. मुरूम, खडी, गिलावा, कोबा, ओळंबा, गुण्या, थापी, सळई. गवंड्याशी बोलायला हेच शब्द लागतात. ज्याला इंग्रजी पुस्तकही वाचता येतं आणि ओळंबा कुठं धरायचा हेही गवंड्याला सांगता येतं, तो साइटवर सगळ्यांना हवा असतो.

मुलीला हे जड काम झेपेल का? (हा फोन दर वर्षी येतो.)

झेपतं. भरलेला क्यूब साधारण आठ किलोचा असतो. घरात पाण्याची कळशी याहून जड असते. साच्यासकट उचलायचा असेल तर मुलगा असो वा मुलगी, दोघांनी मिळून उचलायचा, हा सगळ्यांनाच नियम आहे. तुमची मुलगी सर्वे कॅम्पला जायचं म्हणते तेव्हा तिला अडवू नका. तिथं जे शिकायला मिळतं ते वर्गात भरून निघत नाही.

कपडे, बूट, सुरक्षितता?

चपला घालून आलात तर परत पाठवते, यात सवलत नाही. बूट बंद हवेत. ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्या, विशेषतः लॉस एंजेलिस चाचणीच्या, म्हणजे खडी किती झिजते ते बघायच्या, फिरत्या पिंपाजवळ. ओलं सिमेंट त्वचेला भाजतं. लगेच आग होत नाही, संध्याकाळी बोटांची सालं निघतात, म्हणून हातमोजे घाला आणि काम झालं की हात धुवा. क्यूब फुटताना यंत्राची जाळी लावलेलीच हवी.

डांबराच्या बाबतीत तर दोनदा सांगते. तापलेल्या डांबरात पाण्याचा थेंबही पडता कामा नये, ते फसफसून अंगावर येतं. हातावर डांबर पडलंच तर ओढून काढू नका, त्याच्याबरोबर कातडी येते. थंड पाण्याखाली हात धरा आणि दवाखान्यात चला. लॅबमधले मामा काही करू नका म्हणाले तर ते ऐकायचं. त्या यंत्रांबरोबर त्यांनी माझ्याहून जास्त वर्षं काढली आहेत.

बाहेरचे ठेकेदार आमच्या लॅबमध्ये क्यूब घेऊन येतात. आम्ही थांबून बघितलं तर चालेल?

जरूर थांबा, फक्त मध्ये हात घालू नका. त्या रिपोर्टवर सही होते आणि त्यावर बिलं निघतात. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं हे यंत्राच्या बाजूला चिकटवलेलं असतं, तेही वाचा.

फुटलेल्या क्यूबचं काय करता?

बहुतेक भरावात जातात. काही मात्र आम्ही ठेवतो. लॅबच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतची पायवाट जुन्या बॅचच्या क्यूबची आहे, आणि पाऊस पडून गेला की काहींवर गटाचं नाव आणि तारीख अजून वाचता येते. त्या १७ च्या क्यूबचा पोकळीवाला तुकडा माझ्या टेबलावर आहे. बघायचा असेल तर मागा.